तिकीट बदलू नकोस

नाशिक, २७ डिसेंबर

सलाम बेटा,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला. 'काका, मी नाताळला दिलेला ओव्हन आईने खोक्यातून काढलासुद्धा नाही. म्हणते, एवढ्या खर्चाची काय गरज होती. दोन तारखेचं तिकीट बदलून मी परवाच पुण्याला जाते.' वाचलं आणि पांघरूण सारून उठून बसलो. या थंडीत माझ्या वयाच्या माणसाने असं करू नये, पण बसलो.

तिकीट बदलू नकोस. पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल, एवढं कर.

आईची माया वगैरे मी तुला समजावणार नाही. मला बोलायचंय ते सॉकेटबद्दल. पंचवीसला उपासनेनंतर तुमच्याकडे फराळाला आलो, तेव्हा पाणी घ्यायला आत गेलो होतो. तुमच्या ओट्यावर पॉइंट दोनच, दोन्ही सहा अँपिअरचे. ओव्हनच्या खोक्यावर १६०० वॅट छापलंय. त्याची पिन जाड, सोळा अँपिअरची, ती तिथे शिरायचीच नाही. जाड पिनेचा पॉइंट तुमच्या घरात एकच, बाथरूममध्ये गीझरचा. आणि खोक्याची चिकटपट्टी एका बाजूने सोडवून परत दाबून बसवलेली मी बघितली. म्हणजे तिने उघडून पाहिलं होतं. पिन पाहिली, पॉइंट पाहिला, तुझा चेहरा पाहिला, आणि म्हणाली, 'काय गरज होती.' दुसरं काय म्हणणार ती? सणाच्या दिवशी 'हे इथे चालणार नाही' म्हणणारी बाई आपल्या मंडळीत मी तरी पाहिलेली नाही.

हे तुला पंचवीसला कळणार नव्हतंच. त्या दिवशी घर म्हणजे एसटी स्टँड. सकाळी उपासना, मग पाहुणे, करंज्यांची ताटं, शेजारच्यांना फराळ पोचवणं. गोष्टी कळतात त्या सत्तावीस-अठ्ठावीसला. दारातला तारा दिवसाही जळत राहिलेला असतो, चिवड्याच्या डब्यात तळाचे शेंगदाणे उरलेले असतात, शेजारच्या वहिनी आपलं ताट परत आणून देतात आणि त्यात मूठभर शेंगा तरी घातलेल्या असतात. आई अंगणातल्या उन्हात बसते आणि अर्धं वाक्य बोलते. तेवढ्यासाठी तिथे कुणीतरी असावं लागतं. दिलंस ना? मग थांब.

मी थांबलो नाही, म्हणून सांगतोय. २००९ च्या नाताळात वडिलांसाठी कानाचं मशीन आणलं. कानामागे लावायचं, नारिंगी स्टिकरच्या १३ नंबरच्या सेलवर चालणारं. एका पाकिटात सहा सेल, मी पाच पाकिटं आणली. एक सेल साधारण दहा दिवस जातो, म्हणजे वर्ष जवळपास निघालं, असा माझा हिशेब. लावून दाखवलं, फोटो काढला आणि सव्वीसला सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला परत.

त्या सेलचं एक आहे. स्टिकर काढला की आत हवा शिरते आणि सेल जागा होतो, मग वापरा न वापरा, तो संपत जातो. स्टिकर परत चिकटवूनही फारसा उपयोग नाही. हे मला माहीत होतं. वडिलांना सांगायचं राहिलं. त्यांच्या बोटांना तो एवढासा स्टिकर निघेना. एक दिवस शेजारचा मुलगा आला, तर त्यांनी त्याच्याकडून तीसच्या तीस सेलांचे स्टिकर एका बैठकीत काढून घेतले आणि सगळे सेल तपकिरीच्या रिकाम्या डबीत भरून ठेवले. पोराला रोज रोज कशाला त्रास! दीड-दोन महिन्यांत सगळे सेल मेले. वडिलांना वाटलं मशीन बिघडलं. एवढं महागाचं, पोराला कसं सांगायचं? फोनवर मी विचारायचो, 'ऐकू येतंय ना?' ते म्हणायचे, 'हो हो, बरा आहे.'

पुढच्या नाताळात डबी सापडली. मी काय केलं असेल? ओरडलो त्यांच्यावर. नवे सेल आणले, घाईघाईने समजावलं आणि सव्वीसला पुन्हा पंचवटी. त्यानंतरचा नाताळ त्यांनी पाहिला नाही.

रजा मिळत नव्हती, असं मी पुष्कळ वर्षं सांगत आलो. आणि नव्या नोकरीत होतो, घरभाडं होतं, धाकट्याचं शिक्षण माझ्याच पगारावर चाललं होतं, हे काही खोटं नाही. पैसे कुणी तरी मिळवायला हवेतच की. पण रजा होती. आठ दिवस शिल्लक होती, मार्चमध्ये तिचे पैसे घेतले मी. कितीला विकली ते आठवतंय, इथे लिहीत नाही.

तुला शास्त्र हवं असेल तर बायबलमधलं मत्तय काढ, दुसरा अध्याय. मागी लोक, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेले ज्ञानी, गव्हाणीपाशी आलेच नाहीत, घरात आले असं लिहिलंय. चर्चमध्येही त्यांचा सण ६ जानेवारीला, सगळं आटोपल्यावर. सोनं, ऊद, गंधरस ठेवला आणि दुसऱ्या वाटेने निघून गेले. त्यांना निदान स्वप्नात तशी सूचना झाली होती. तुला झालीय का? आणि त्या गंधरसाचं मरियेने पुढे काय केलं, कुणी लिहिलेलं नाही. विचारायला थांबलंय कोण?

तर उद्या सकाळी वायरमनला फोन कर. जाड वायर ओढून ओट्यावर पॉवर पॉइंट काढून दे म्हणावं, अर्थिंगही बघून घे. मग ओव्हन आधी दहा-पंधरा मिनिटं रिकामाच तापव, खिडकी उघडी ठेव. पहिल्यांदा धूर आणि वास येतो, आई घाबरेल. केक तिला करू दे, तू बाजूला उभी राहा. टायमरवरची अक्षरं बारीक आहेत, नेलपेंटने खूण कर. सगळं एकदम शिकवू नकोस, तुला ती वाईट खोड आहे. एकतीसच्या रात्रीच्या उपासनेपर्यंत तिच्या हातून दोन केक झाले पाहिजेत.

तिने विणलेल्या स्वेटरच्या बाह्या लांब झाल्यात म्हणतेस. दुमडून घाल.

पहिला केक जळणार. जळका तुकडा माझ्याकडे पाठव, ताट रिकामं परत येणार नाही.

तुझा,
काका