पैसे कटले, कापले की लागले?

दारव्हा तालुक्यातल्या एका शिक्षिकेने विचारलं आहे : "आमच्याकडे बँकेत, सेतू केंद्रात, कुठल्याही खिडकीवर न सांगता दहा-वीस रुपये गेले की सगळे म्हणतात, 'पैसे कटले'. पुण्याकडच्या एक सहकारी म्हणतात की हे हिंदी आहे, 'कापले' म्हणावं. मुलांना अर्जलेखन शिकवताना काय सांगू? शिवाय पावत्यांवर कुठे 'शुल्क' असतं, कुठे 'आकार', कुठे 'फी'. हे सगळं एकच का? अशा किरकोळ रकमांना मराठीत आपला एखादा शब्द नाही का?"

आधी 'कटले'बद्दल. बाई, हा शब्द खुशाल वापरा. विदर्भाच्या बोलीला हिंदीचा शेजार आहे हे खरंच. १९५६ पर्यंत हा भाग हिंदी मुलखासोबत एकाच राज्यात होता आणि नागपूर त्या राज्याची राजधानी होती. कचेरीत दोन्ही भाषा कानावर पडायच्या. पण म्हणून 'कटणे' परकं ठरत नाही. गाळणे-गळणे, टाळणे-टळणे, पाडणे-पडणे, मारणे-मरणे या जोड्या पाहा. पहिल्या क्रियापदात कुणीतरी करणारा असतो, दुसऱ्यात गोष्ट घडून जाते. काटणे-कटणे त्याच साच्यातलं आहे. काटकसर आणि काटछाट तर पुण्यातही बोलतात. बाजार समितीत मालाच्या वजनातून जी घट धरली जाते तिला शेतकरी 'कटती' म्हणतात, आणि त्या शब्दामागे बरीच भांडणं झालेली आहेत.

उलट 'कापले'मध्ये थोडी अडचण आहे. 'विळ्यानं गवत कापलं' यात कापणारा आहे, आणि 'माझं बोट कापलं' यात कुणी मुद्दाम कापलेलं नाही. म्हणजे 'खात्यातून पैसे कापले' या वाक्यात बँकेने कापले की आपोआप गेले, हे कळत नाही. 'कापले गेले' म्हटलं की अर्थ स्पष्ट होतो, पण बोलताना ते जड वाटतं. 'कटले' हलकं आहे, नेमकं आहे. पासबुक छापून हातात आल्यावर माणसाच्या मनात जे येतं ते त्यात पुरतं उतरतं : पैसे गेले, कुणी घेतले ते दिसलं नाही.

याहूनही मला 'लागणे' महत्त्वाचं वाटतं. तहसीलच्या आवारात उभं राहून ऐका. "उत्पन्नाच्या दाखल्याले किती लागते?" असं विचारतात. ऊन लागतं, ठेच लागते, भूक लागते, तसे पैसे लागतात. कुणाचं नाव नाही, दोष नाही. पण तोच माणूस बाहेर येऊन घरच्यांना म्हणतो, "फारमाचे वीस घेतले त्यानं." आता कर्ता आला. जे नियमाने द्यायचं ते 'लागते', जे समोरच्याने मागितलं ते 'घेतले'. हा फरक कुणी शिकवलेला नसतो, तरी गावातला माणूस तो चुकत नाही. बोलीला प्रमाणभाषेचा बिघडलेला नमुना समजणाऱ्यांनी एवढी एक गोष्ट नीट ऐकावी, असं मला फार वाटतं.

आता शुल्क आणि आकार. हे एकच नाही, आणि फरक समजण्यासाठी घरचं वीजबिल पुरेसं आहे. त्यात स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशी नावं ओळीने येतात. मग फक्त एका रकमेचं नाव वेगळं येतं : वीज शुल्क, घरगुती ग्राहकाला १६ टक्के. 'आकार' म्हणून लिहिलेले पैसे वीज देणाऱ्या कंपनीचे, पुरवलेल्या सेवेचे. 'शुल्क' राज्य सरकारचं. कंपनी ते फक्त गोळा करून भरते. म्हणजे बिलाची भाषा नीट वाचली तर पैसा कुठे जातो ते तिथेच कळतं.

ही विभागणी जुनी आहे. 'शुल्क' हा शब्द कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आहे. शुल्काध्यक्ष हा मालावरची जकात वसूल करणारा अधिकारी. राजसत्तेने बसवलेली रक्कम हा अर्थ तेव्हापासून या शब्दाला चिकटला आहे. 'आकार' आपल्या शेतकऱ्याच्या जास्त ओळखीचा, कारण तो सातबारावर छापलेला असतो. क्षेत्राच्या शेजारचा रकाना पाहा, 'आकार', आणि खाली रुपये-पैसे. जमिनीची प्रत मोजून, जोखून तिच्यावर किती सारा बसतो ते काढणं म्हणजे आकारणी. ग्रामपंचायतीची घरपट्टीही आकारणीनेच ठरते. म्हणून 'शुल्क आकारले जाईल' या सरकारी वाक्यात दोन्ही शब्द एकत्र आले तरी पुनरुक्ती होत नाही. एक रकमेचं नाव, दुसरी ती ठरवण्याची क्रिया.

'फी'ला वेगळं घर उरलं ते शाळा, वकील आणि कोर्ट. माहिती अधिकाराच्या अर्जावर आपण दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावतो, पुढे नकलेला पानामागे दोन रुपये. 'तिकीट' म्हणजे इथे मुद्रांक. एसटीचं तिकीट समजून गोंधळलेली नवखी मुलं मी पाहिली आहेत. मुलांना हे सांगा, परीक्षेत नाही तरी तहसीलमध्ये कामी येईल.

तुमच्या पत्रातला खरा सल मात्र शब्दाचा नाही, 'न सांगता' याचा आहे, असं मला वाटतं. एक पावती जवळून पाहू. सेवा केंद्रातल्या दाखल्याचा दर बरीच वर्षं ३३ रुपये ६० पैसे होता. त्यात वीस रुपये सेवा शुल्क, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे तीन रुपये साठ पैसे, आणि दहा रुपयांचा मुद्रांक. हिशेब चोख आहे. पण चार आणे आणि त्याखालची नाणी जून २०११ अखेर चलनातून गेली. साठ पैसे रोख मोजून द्यायचे कुठून? पन्नास पैशांचं नाणं व्यवहारात दिसत नाही, दहा पैसे तर उरलेच नाहीत. म्हणजे तो दर रोखीत नेमका भरताच येत नव्हता. चौतीस दिले तर चाळीस पैसे वर, पस्तीस दिले तर एक रुपया चाळीस पैसे वर, आणि "चिल्लर नाही" म्हणून चाळीस दिले तर सहा रुपये चाळीस पैसे वर. या वरच्या पैशाला पावतीवर रकाना नाही, म्हणून नावही नाही. २०२५ मध्ये सेवा शुल्क पन्नास झालं, त्यामुळे तोच हिशेब एकूण ६९ वर येतो. रक्कम दुप्पट झाली, निदान पैशांचा घोळ गेला.

आणि तुम्ही विचारलेला 'आपला शब्द'? एकच शब्द शोधू नका, आपल्याकडे अख्खा प्रत्यय आहे. दळणाचे पैसे दळणावळ, कपडे धुण्याचे धुणावळ, दागिना घडवण्याचे घडणावळ, अर्ज लिहून देण्याचे लिहिणावळ. दुसऱ्या बाजूला शिलाई, छपाई, तोलाई, मापाई, कापसाची वेचाई. आडत आणि हमाली आहेतच. कुणाच्या तरी श्रमाचे पैसे, आणि श्रम कोणता ते नावातच सांगितलेलं. अर्जनवीस पूर्वी लिहिणावळ घ्यायचा आणि त्यात कुणाला वावगं वाटत नसे, कारण ती कशाची हे दोघांनाही ठाऊक असे. डिजिटल सहीचा सातबारा संकेतस्थळावर पंधरा रुपयांत मिळतो. केंद्रचालकाने त्यावर छपाईचे दहा मागितले तर ते छपाईचे आहेत असं बोलावं आणि लिहावं. 'सर्व मिळून पन्नास' म्हटलं की शासनाचं शुल्क, कागद आणि त्याची मेहनत यांचं एकच गाठोडं होतं. मग शेतकऱ्याला शासनाचाच दर पन्नास वाटतो, आणि प्रामाणिक चालकही बदनाम होतो.

आमच्याकडे यावर विचारायचा प्रश्न तयार आहे : "हे कायचे पैसे होय, भाऊ?" प्रमाण मराठीत याचं रूप 'कशापोटी'. 'पोटी' हा शब्दयोगी पैशाच्या व्यवहारात फार उपयोगाचा आहे, तो हल्ली लिहिण्यातून मागे पडला याचं मला वाईट वाटतं. हमालीपोटी, घरभाड्यापोटी, नुकसानभरपाईपोटी. 'साठी'पेक्षा तो नेमका आहे. 'साठी' हेतू सांगतो, 'पोटी' कोणत्या देण्याच्या बदल्यात रक्कम गेली ते सांगतो.

तेव्हा वर्गात बोलताना 'कटले' राहू द्या. अर्ज लिहिताना मात्र कर्ता दाखवावा लागतो, कारण उत्तर कुणीतरी द्यायचं असतं. तिथे 'वजा केले' लिहायला सांगा. फळ्यावर नमुना असा देता येईल : "माझ्या बचत खात्यातून दि. … रोजी … रुपये वजा करण्यात आले आहेत. ही रक्कम कोणत्या शुल्कापोटी व कोणत्या नियमानुसार वजा केली, याचा लेखी तपशील मिळावा, ही विनंती." 'करण्यात आले' चालेल, पण मुलाने 'आपल्या शाखेने वजा केले' असं लिहिलं, तर ते तांबड्या शाईने खोडू नका.