नंबर कोणाचा, डोमेन कोणाचे आणि ‘जागतिक नोंदणी’चा कागद किती कामाचा?

प्रश्न : सिंहगड रस्त्यावर आमचा केटरिंगचा व्यवसाय आहे. वडिलांनी सुरू केला, आता मी पाहतो. हाताखाली चौदा माणसे आहेत. वडिलांच्या नावावरची लँडलाइन आणि माझा जुना मोबाइल नंबर, या दोनच नंबरांवर लोक ऑर्डर देतात. अडीच वर्षांपूर्वी एका आयटीवाल्याने फोनची सगळी व्यवस्था ‘इंटरनेटवर’ आणून दिली. माझी सही घेऊन मोबाइल नंबर त्याच्या कंपनीच्या बिझनेस प्लॅनमध्ये घेतला. त्याच नंबराच्या आकड्यांचे डॉट इन डोमेन घेतले, तेही स्वतःच्या नावावर. वर ‘तुमची लँडलाइन आंतरराष्ट्रीय डोमेन यंत्रणेत दहा वर्षांसाठी नोंदवली’ असे सांगून ३८,००० रुपये घेतले आणि प्रमाणपत्र दिले. आता देखभालीच्या बिलावरून बिनसले आहे. माझ्याकडे २२,००० थकले आहेत हे खरे. पण तो म्हणतो, दीड लाख द्या, नाहीतर नंबर आणि डोमेन विसरा. डोमेनवरचे ईमेल त्याने बंद केले आहेत. लगीनसराई तोंडावर आली आहे. माझ्या भाच्याला त्याच्या पॅनेलचा पासवर्ड माहीत आहे. वडील गेल्या वर्षी वारले. काय करावे?

उत्तर : आधी भाच्याला थांबवा. पासवर्ड माहीत असणे आणि तो वापरायची परवानगी असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ते पॅनेल त्या माणसाच्या खात्याचे आहे. परवानगीशिवाय आत शिरून काही बदलले, तर माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली भरपाई आणि कलम ६६ खाली फौजदारी, अशी दोन्ही लफडी तुमच्याच गळ्यात येतील. आज तक्रारदार तुम्ही आहात, उद्या आरोपी व्हाल. अशा प्रकरणांत ‘आमचंच होतं, आम्ही परत घेतलं’ हे वाक्य पोलीस ठाण्यात फार वेळा ऐकायला मिळते आणि त्याचा उपयोग होत नाही.

आता मुद्द्यावर येऊ. मोबाइल नंबर, डोमेन आणि ते प्रमाणपत्र या तीन गोष्टी या गृहस्थाने एका गाठोड्यात बांधून तुमच्यासमोर ठेवल्या आहेत. तुम्हीही त्या एकच समजून घाबरला आहात. कायद्याच्या दृष्टीने तिन्हींचे मालक वेगळे, दारे वेगळी आणि निकडही वेगळी आहे. सर्वांत घाई मोबाइल नंबराची करा.

टेलिफोन नंबर ही कोणाचीच खासगी मालमत्ता नसते. नंबरांची राष्ट्रीय योजना केंद्राच्या दूरसंचार विभागाकडे असते, तिथून ते कंपन्यांना मिळतात आणि कंपनी ग्राहकाला वापरायला देते. त्यामुळे ‘नंबर माझा आहे’ असे तुम्हालाही म्हणता येत नाही आणि त्यालाही. नोंदणीकृत ग्राहक कोण एवढाच प्रश्न असतो, आणि तुम्ही सही करून दिलेल्या फॉर्ममुळे आज तो ग्राहक त्याची कंपनी आहे. तुमची बाजू इथे लंगडी आहे, हे मान्य करून पुढे जाऊ. त्या फॉर्मसोबत करार, कोटेशन, ईमेल किंवा व्हॉट्सअॅपवरचा मजकूर असेल, ज्यात ‘स्वस्त प्लॅनसाठी आमच्या खात्यात घेतो’ असे काही लिहिले आहे, तर तेच तुमचे मुख्य शस्त्र. त्यातून असे दिसते की नंबर त्याला दिला नव्हता, सोयीसाठी त्याच्याकडे ठेवला होता.

तो नंबर तो उद्या दुसऱ्या कंपनीकडे पोर्ट करू शकतो का? करू शकतो, आणि त्यासाठी तुमच्या सहीची गरज नाही. कंपनीच्या खात्यातला नंबर पोर्ट करायला त्या कंपनीच्या अधिकृत माणसाचे पत्र पुरते. पण ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २००९ च्या पोर्टेबिलिटी नियमांत काही कारणांवरून पोर्टिंग नाकारता येते आणि त्यांपैकी दोन तुमच्या कामाची आहेत. नंबर न्यायप्रविष्ट असणे हे एक, आणि ग्राहकाचे नाव बदलण्याचा अर्ज प्रक्रियेत असणे हे दुसरे. नाव बदलायला त्याची संमती लागेल आणि ती तो देणार नाही, म्हणून पहिलेच उरते. दावा दाखल करा आणि त्याच दिवशी दाव्याची प्रत, क्रमांकासह, मोबाइल कंपनीकडे पोहोचवा. कंपनी दाद देत नसेल तर तिच्याकडे तक्रार क्रमांक घ्या आणि मग तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जा. २०१२ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे त्याला ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्रायकडे स्वतः अर्ज करण्यात वेळ घालवू नका, ट्राय एकेका ग्राहकाची भांडणे सोडवत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवा : नंबर न्यायप्रविष्ट झाला की पोर्टिंग तुम्हालाही करता येणार नाही. निकाल लागेपर्यंत तो आहे तिथेच राहील.

लँडलाइनचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, फक्त तुम्ही तो वर्षभर तसाच ठेवला आहे. जोडणी वडिलांच्या नावावर आहे, म्हणजे त्या आयटीवाल्याचा तिच्याशी काही संबंध नाही. मृत्यूचा दाखला, तुमचा ओळखीचा पुरावा आणि इतर वारसांचे ना-हरकत पत्र घेऊन टेलिफोन कंपनीत नाव बदलून घ्या. आई, बहिणी, सगळ्यांच्या सह्या घ्या. ‘आमच्यात तसलं काही नाही’ म्हणून सही टाळू नका. आपल्याकडे लँडलाइनचा नंबर एका कंपनीकडून दुसरीकडे नेता येत नाही, पोर्टिंग फक्त मोबाइलचे आहे. म्हणजे हा नंबर कोणी पळवू शकत नाही, पण जोडणी बंद पडली तर तो हातचा जाईल. बिल वेळेवर भरत राहा.

आता ते प्रमाणपत्र. तुमचे ३८,००० ज्यात गेले, ती यंत्रणा खरी आहे. तिला ईनम म्हणतात. कल्पना साधी आहे : टेलिफोन नंबर हेच इंटरनेटवरचे नाव करायचे. +९१ पासून सुरू होणारा संपूर्ण नंबर उलटा लिहायचा, प्रत्येक आकड्यानंतर टिंब द्यायचे आणि शेवटी ‘ई१६४ डॉट आर्पा’ जोडायचे. पुण्याचा लँडलाइन नंबर असेल तर आठ आकडे उलटे, मग ०.२.१.९ आणि पुढे ते शेपूट. त्या नावाखाली ‘या नंबरला इंटरनेटवरून फोन लावायचा तर इथे जा, ईमेल करायचा तर तिथे’ अशा नोंदी ठेवता येतात. २००० मध्ये याचे पहिले तांत्रिक निकष आले, २०११ मध्ये सुधारले गेले.

पण या नावांचे प्रशासन कोणाच्या हातात आहे, इथे तुमचा खटला आहे. सर्वांत वरच्या पातळीचे काम इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाच्या सूचनेनुसार अ‍ॅम्स्टरडॅमची राइप एनसीसी ही संस्था पाहते. ९१ सारखा एखाद्या देशाचा क्रमांक कोणाला सोपवायचा, हे ती स्वतः ठरवत नाही. अर्ज जिनिव्हाच्या आयटीयूकडे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संघटनेकडे, जातो आणि आयटीयू त्या देशाच्या शासनाला विचारते. शासनाचा होकार असेल तरच पुढे. म्हणजे साखळी अशी : आयटीयू, देशाचे शासन, त्याने नेमलेली नोंदणी संस्था, मग मध्यस्थ आणि शेवटी ग्राहक, तोही स्वतः संमती देणारा. भारताच्या क्रमांकाखाली तुमचा नंबर नोंदवायचा तर ही साखळी कुठेही तुटलेली चालत नाही. वरचा भाग अस्तित्वात नसेल तर खालचे नाव असूच शकत नाही.

खासगी लोक स्वतःच्या अशा वेगळ्या याद्या चालवतात, टेलिफोन कंपन्या आपापसांत अशीच रचना वापरतात आणि ते बेकायदा नाही. पण खासगी यादीतली नोंद फक्त तीच यादी वाचणाऱ्यांना दिसते. तिला ‘आंतरराष्ट्रीय यंत्रणेतली नोंदणी’ म्हणणे म्हणजे कोणी घरी प्रिंटरवर सातबारा छापून तलाठ्याचा म्हणून विकण्यासारखे आहे.

खरे-खोटे तपासणे अवघड नाही. ओळखीच्या एखाद्या नेटवर्क अभियंत्याला बोलवा. वर सांगितले तसे तुमच्या नंबराचे उलटे नाव बनवून त्याची नोंद डीएनएसमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांच्या यंत्रणेत, शोधायला सांगा. त्या नोंदीला एनएपीटीआर म्हणतात. उत्तर काहीही येवो, तारीख-वेळेसह त्याची स्क्रीनप्रत काढा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडा. त्याला आता दोन भाग असतात, एक तुमचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, म्हणून तो अभियंता त्या दिवशी तिथेच हजर हवा. आयटीवाल्याला नोटिशीत एवढेच विचारा : ९१ साठी शासनाने ज्याला नेमले, त्या नोंदणी संस्थेचे नाव काय, तुमच्याशी तिचा करार कोणत्या तारखेचा आणि माझी संमती कोणत्या कागदावर घेतली? याचे उत्तर नसेल तर ३८,००० परत मागायला दुसरा पुरावा फारसा लागणार नाही.

मुदतीकडे पाहा. पैशांच्या दिवाणी दाव्याला तीन वर्षे, त्यांपैकी अडीच संपली. फसवणूक उघड झाल्यापासून मुदत मोजता येते असे मुदत कायद्याचे कलम १७ सांगते, पण त्यावर विसंबून सहा महिने वाया घालवू नका. ग्राहक आयोगाची मुदत दोनच वर्षांची. ती या रकमेपुरती उलटून गेली आहे आणि उशीर माफीचा अर्ज करावा लागेल. शिवाय चौदा माणसे हाताखाली असलेला केटरर ‘ग्राहक’ आहे की व्यापारी हेतूने सेवा घेणारा, यावर समोरचा वकील पहिल्याच तारखेला बोट ठेवेल. पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला कायद्यात सूट आहे, पण तुमच्या आकाराच्या धंद्याला ती मिळेल याची मी हमी देणार नाही. माझ्या मते तुम्ही ग्राहक आयोगाच्या वाटेला जाऊ नये. पोलिसांकडेही आधी जाऊ नये. तिथे ‘दिवाणी बाब आहे’ हे उत्तर मिळेल. त्या प्रमाणपत्राबाबत शोध-नोंद हाती आली आणि तो खोटे बोलल्याचे कागदावर दिसले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ चा विचार पुढे करता येईल.

डोमेनचे काय? डॉट इन नावे निक्सी या संस्थेच्या देखरेखीखाली चालतात आणि त्यांच्या वादांसाठी लवादाचे वेगळे धोरण आहे. तिथे नाव रद्द करून किंवा तुमच्याकडे वर्ग करून मिळते. पण तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : नाव तुमच्या हक्काच्या खुणेसारखेच आहे, त्याचा त्यावर न्याय्य हक्क नाही आणि ते वाईट हेतूने घेतले किंवा वापरले. आकड्यांवर हक्क कसा, असे तुम्हाला वाटेल. जुनी बिले, टेंपोवर रंगवलेला नंबर, लग्नपत्रिकांच्या मागच्या जाहिराती, कार्यालयांच्या भिंतींवरच्या पाट्या, जे जे मिळेल ते गोळा करा. डोमेनला व्यापारी खुणेसारखे संरक्षण मिळते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट या निकालात सांगितले आहे. ‘नाव तुम्ही आमच्या सांगण्यावरून, आमच्या पैशाने, आमच्यासाठी घेतले’ हा मुद्दा मात्र लवादापेक्षा दिवाणी न्यायालयात जास्त नीट मांडता येतो, कारण तिथे साक्षीपुरावा घेता येतो.

म्हणून शिवाजीनगरच्या न्यायालयात एकच दावा करा. त्यात मोबाइल नंबराचे नाव बदलून द्यावे, डोमेन वर्ग करावे, ३८,००० परत द्यावेत, आणि तोवर नंबर व डोमेन कोणाकडेही जाऊ देऊ नयेत असा तातडीचा मनाई हुकूम मागा. डोमेनची मुदत कधी संपते ते आजच पाहा. त्याने नूतनीकरण केले नाही तर नाव कोणीही उचलेल, म्हणून रजिस्ट्रारला, म्हणजे डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीला, ते गोठवण्याचा आदेशही मागा. दावा व्यापारी न्यायालयाच्या कक्षेत गेला तर आधी मध्यस्थी सक्तीची आहे. तातडीचा हुकूम मागितला असेल तरच ती टळते. पण केवळ मध्यस्थी टाळायला तातडी दाखवू नका, न्यायाधीशांच्या ते चटकन लक्षात येते.

त्याआधी २२,००० भरा. निषेध नोंदवून, बँकेतून, पावतीसह. थकबाकी ठेवून मनाई हुकूम मागायला गेलात तर पहिला प्रश्न तोच येईल. उरलेल्या सव्वा लाखाहून अधिक रकमेला काय आधार आहे, ते त्याला लेखी विचारा. पैशासाठी वस्तू अडवून ठेवायचा हक्क करार कायद्याच्या कलम १७० आणि १७१ मध्ये आहे, पण तो ताब्यात दिलेल्या मालावर आणि मोजक्या धंद्यांना. नंबर आणि डोमेन हे असे ताब्यात दिलेले सामान नव्हे. आम्हा वकिलांनासुद्धा फीसाठी अशिलाची फाइल दाबून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केले आहे. मग या गृहस्थाला ती मुभा कोणी दिली?

नोटीस स्पीड पोस्टाने, नोंदणी आणि पोचपावतीसह पाठवा, तोच मजकूर ईमेलनेही. उत्तरासाठी सात दिवस पुरे. त्या सात दिवसांत ऑर्डर घेण्यासाठी स्वतःच्या नावावर एक नवीन सिम घ्या आणि ठरलेल्या यजमानांना तो नंबर स्वतः फोन करून कळवा.