क्रोममध्ये झकास, आयफोनवर 'इनव्हॅलिड डेट'

प्रश्न : हॉलच्या बुकिंगसाठी मी तारखांची एक छोटी जावास्क्रिप्ट लायब्ररी लिहिलीये. सर्व्हरकडून आलेल्या तारखा वाचायच्या, क्रमाने लावायच्या, कॅलेंडरवर रंगवायच्या, एवढंच काम. माझ्या लॅपटॉपवर क्रोममध्ये सगळं झकास चालतं. पण क्लायंटच्या आयफोनवर 'इनव्हॅलिड डेट' येतं, त्यांनी आयफोनवर क्रोम टाकून बघितलं तरी तेच. घरातल्या दुसऱ्या जुन्या आयफोनवर तर कॅलेंडर उगवतच नाही, आणि मुलगा न्यू जर्सीला असतो त्याला १५ तारखेचं बुकिंग १४ ला दिसतं. मित्र म्हणतो यूजर एजंट (ब्राउझर स्वतःची ओळख सांगतो ती ओळ) बघ, सफारी असेल तर वेगळा कोड चालव. करू का? कोड सोबत पाठवलाय.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नका करू. मित्राचा सल्ला वीस वर्षं जुना आहे आणि तेव्हाही तो फार चांगला नव्हता. क्रोमची यूजर एजंटची ओळ एकदा कन्सोलमध्ये छापून बघा, त्यात मोझिलाही आहे आणि सफारीही, म्हणजे 'सफारी' शोधलंत तर क्रोमही पकडला जाणार. ओपेरा ब्राउझरची १० वी आवृत्ती आली तेव्हा तर अनेक साइट आवृत्तीचा पहिलाच आकडा वाचायच्या आणि १० ला १ समजायच्या, म्हणून बिचाऱ्याने त्या ओळीत ९.८० लिहायला सुरुवात केली. जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीनेसुद्धा आपलं ब्राउझर ओळखायचं फंक्शन २०१३ मध्ये १.९ आवृत्तीत काढून टाकलं.

आणि आयफोनवर क्रोम टाकून फरक का नाही पडला? कारण तिथल्या क्रोमच्या आत इंजिन, म्हणजे पान वाचून दाखवणारा भाग, सफारीचंच असतं, वेबकिट. युरोपियन युनियनमध्ये २०२४ पासून दुसरं इंजिन टाकायची परवानगी मिळालीये, पण तुमच्या क्लायंटला त्याचा काय उपयोग.

आता तुमचा कोड. पहिली गोष्ट, तुमचा सर्व्हर '२०२४-०३-१५ १०:३०:००' असं पाठवतोय, मधे नुसती स्पेस. जावास्क्रिप्टच्या स्टँडर्डमध्ये तारखेचा जो साचा पक्का ठरलाय त्यात तिथे टी हे अक्षर लागतं. स्पेसवाल्या तारखेचं काय करायचं हे स्टँडर्डने ब्राउझरवर सोडलंय, क्रोम समजून घेतो, सफारीच्या जुन्या आवृत्त्या सरळ हात वर करतात. दोघंही आपल्या जागी बरोबर. क्रोमने तुमचे लाड केले आणि तुम्हाला वाटलं तोच नियम आहे.

न्यू जर्सीवाल्याची भानगड वेगळी आहे, तिथे ब्राउझरचा काहीच संबंध नाही. बुकिंगचा दिवस रंगवताना तुम्ही नुसती तारीख देताय, वेळ नाही, आणि अशी तारीख यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली, धरली जाते, म्हणजे मध्यरात्र लंडनच्या हिवाळ्यातली. आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे आपल्याकडे १५ तारखेचे पहाटेचे साडेपाच होतात आणि तारीख तीच राहते, सगळं ठीक वाटतं. अमेरिका मागे, तिथे अजून १४ ची संध्याकाळ. गंमत म्हणजे वेळ जोडली आणि झोन नाही लिहिला तर तेच जावास्क्रिप्ट ती स्थानिक वेळ धरतं! त्यामुळे न्यू डेटला (तारीख बनवणाऱ्या आज्ञेला) स्ट्रिंग, म्हणजे तारखेचा अख्खा मजकूर, द्यायचीच नाही. ती स्वतः तोडा, वर्ष, महिना, दिवस असे तीन आकडे काढा आणि ते वेगवेगळे द्या, महिन्यातून एक वजा करायला विसरू नका कारण तिथे जानेवारी शून्य आहे. चार ओळींचं काम आहे आणि ते सगळीकडे सारखंच चालतं, ब्राउझर ओळखायची गरजच उरत नाही.

जुन्या आयफोनवर कॅलेंडर गायब होतं ते तुमच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमुळे, म्हणजे मजकुरात शोधायच्या पॅटर्नमुळे. तुम्ही त्यात लुकबिहाइंड (आधी काय आलंय ते बघून जुळवणं) वापरलंय, ते सफारीत १६.४ मध्ये आलं, मार्च २०२३ ला. त्याआधीच्या सफारीला ती ओळ वाचताच येत नाही, सिंटॅक्स एरर येतो आणि एरर फक्त त्या ओळीपुरता राहत नाही, अख्खी फाइलच चालत नाही. आजूबाजूला ट्राय-कॅच (चूक झाली तर सांभाळून घेणारा कोड) लावूनही उपयोग नाही, कारण फाइल चालायला लागण्याआधीच मेलेली असते. नवा कोड जुन्या ब्राउझरसाठी बदलून देणारं बेबेलसुद्धा हे बदलून देत नाही. साधा पॅटर्न लिहा, तुम्हाला फक्त आकडे तर हवेत.

विचारलं नाहीत, पण कोड पाठवलात म्हणून दिसलं : सॉर्टमध्ये, म्हणजे यादी क्रमाने लावताना, दोन तारखांची तुलना करून तुम्ही 'अ मोठा ब' एवढंच परत करताय, म्हणजे ट्रू किंवा फॉल्स. तिथे ऋण, शून्य किंवा धन आकडा द्यायचा असतो, वजाबाकी करा. क्रोम ७० पासून सॉर्टची पद्धत बदललीये आणि असा कोड क्रोममध्ये यादी आहे तशीच ठेवतो. तुमचा सर्व्हर बहुतेक आधीच क्रमाने पाठवत असणार म्हणून तुम्हाला कळलं नाही, यादी मुद्दाम उलटी करून बघा. त्याआधीच्या क्रोममध्ये अजून मजा होती, १० पर्यंत वस्तू असल्या तर एक पद्धत, त्यापेक्षा जास्त झाल्या की दुसरी, आणि त्या दुसरीत सारख्या किमतीच्या वस्तूंचा आपापसातला क्रम टिकायचा नाही, म्हणजे छोट्या टेस्टमध्ये पास आणि खऱ्या यादीत गोंधळ.

टेस्टिंगसाठी आयफोन विकत घ्यायला नको. प्लेराइट या टेस्टिंगच्या साधनात वेबकिट मिळतं, विंडोजवरही चालतं, शिवाय टाइम झोन बदलून न्यू यॉर्क लावता येतो. खऱ्या फोनवर बघायचंच असेल तर ऑनलाइन खरे फोन वापरू देणारं, मुंबईत सुरू झालेलं ब्राउझरस्टॅक आहे, पैसे लागतील.

प्रश्न : रोमनमध्ये टाइप केलं की मराठी करून देणारी लायब्ररी करतोय. कॉम्प्युटरवर चालते, अँड्रॉइडवर कुठलीही की दाबा, कीकोड (कुठली की दाबली ते सांगणारा आकडा) २२९ च येतो.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बरोबर आहे, तिथे कीबोर्ड शब्द अजून जुळवतोय, त्यामुळे ब्राउझरलाच खरी की माहीत नसते. कीडाउनचा (की दाबल्याच्या इशाऱ्याचा) नाद सोडा, इनपुट इव्हेंट (मजकूर बदलल्याचा इशारा) ऐका आणि बॉक्समधला मजकूर वाचा. पण जुळवणं चालू असताना व्हॅल्यू बदलू नका, अक्षरं दोनदा येतात, कम्पोझिशनएंड, म्हणजे जुळवणं संपल्याचा इशारा, होऊ द्या. इनपुट आधी की कम्पोझिशनएंड आधी, हा क्रम सगळ्या ब्राउझरमध्ये सारखा नाही, म्हणून फंक्शन दोनदा चाललं तरी 'नमस्कार' चा 'नमस्कार'च राहील असं लिहा. आणि व्हॅल्यू बदलली की कर्सर शेवटी उडी मारतो, तो आधी कुठे होता ते लक्षात ठेवून परत जागेवर ठेवा, नाहीतर लोक मधला शब्द सुधारायला गेले की वैतागतील.