आधी पणतू, मग पणजोबा

प्रश्न : माझी नात नववीत आहे. न्यूयॉर्कमध्ये राक्षसांशी लढणाऱ्या 'शॅडोहंटर' मंडळींच्या इंग्रजी कादंबऱ्या ती वाचते आणि रात्री जेवणं झाली की मला त्यातली गोष्ट सांगते. पहिला भाग, 'सिटी ऑफ बोन्स', वाचून झाला आहे. आता वाढदिवसाला तिला 'क्लॉकवर्क एंजल' भेट मिळालं. जग तेच, पण गोष्ट १८७८ सालच्या लंडनमधली. नातीचं म्हणणं, जे आधी घडलं ते आधी वाचायचं. तिची आई म्हणते, हातातली मालिका पुरी कर. दोघी माझ्याकडे बघतात. माझी स्वतःची शंका वेगळीच आहे : पुढची पिढी आपण पाहिली, म्हणजे वंश टिकला हे ठाऊकच झालं. मग मागची गोष्ट वाचायची उत्सुकता राहते कशी? पुस्तकात व्यसनाचा विषय आहे असंही कानावर आलं. मुलगी चौदा वर्षांची आहे. आणि प्रीक्वेलला मराठीत काय म्हणावं?
— एक निवृत्त पोस्टमास्तर, मिरज

उत्तर : काका, शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो सोपा आहे. पूर्वकथा म्हणा. साधा शब्द आहे आणि ऐकणाऱ्याला लगेच कळतो.

आता आई-मुलीचा वाद. या वेळी मी आईच्या बाजूची आहे, आणि त्याला माझी एक चूक कारण आहे. डोंबिवलीत बावीस वर्षं वाचनालय चालवते आहे. काही वर्षांपूर्वी अकरावीतली एक मुलगी हीच मालिका मागायला आली. 'सिटी'चे भाग बाहेर गेलेले होते, कपाटात फक्त 'क्लॉकवर्क एंजल' होतं. मी म्हटलं, हे घेऊन जा, गोष्ट तर आधीचीच आहे. तिनं ते दोन दिवसांत संपवलं आणि मग ओळीनं 'सिटी'चे भाग नेले. तिसरा भाग, 'सिटी ऑफ ग्लास', परत करायला आली तेव्हा टेबलाशी जरा घुटमळली. म्हणाली, "ताई, सगळे म्हणतात इथे धक्का बसतो. मला नाही बसला." त्या भागात एका मुलाचं खरं आडनाव उघड होतं. दोन भागभर लेखिकेनं ते जपून ठेवलेलं असतं. ते आडनाव हिनं 'क्लॉकवर्क एंजल'मध्ये पहिल्या काही पानांतच वाचलेलं होतं. इतक्या मेहनतीनं राखलेलं गुपित त्या मुलीसाठी माझ्या हातून फुटलं. तिनं तक्रार केली नाही, पण मला ते आजही लागतं. तेव्हापासून या मालिकेच्या प्रत्येक पुस्तकाच्या आत मी पेन्सिलीनं प्रकाशनाचं साल आणि क्रमांक लिहून ठेवते.

कॅसँड्रा क्लेअर यांनी ही पुस्तकं ज्या क्रमानं आणली तो क्रम असा : 'सिटी ऑफ बोन्स' २००७, 'सिटी ऑफ अ‍ॅशेस' २००८, 'सिटी ऑफ ग्लास' २००९, आणि मग २०१० मध्ये 'क्लॉकवर्क एंजल'. म्हणजे नातीला मध्ये दोनच पुस्तकं वाचायची आहेत. तोवर भेटीचं पुस्तक तुमच्या कपाटात ठेवा. त्यापुढे लंडनच्या गोष्टीचे आणखी दोन भाग आहेत, 'क्लॉकवर्क प्रिन्स' २०११ आणि 'क्लॉकवर्क प्रिन्सेस' २०१३. न्यूयॉर्कची मालिका २०१४ च्या 'सिटी ऑफ हेवनली फायर'नं संपते. त्या शेवटच्या भागाआधी लंडनचे तिन्ही भाग वाचून झालेले असावेत. तिथे लंडनमधला एक धागा येऊन मिळतो, आणि तो ओळखीचा नसेल तर एक फार हळवी जागा नुसती नजरेखालून निघून जाईल. आणखी एक : 'क्लॉकवर्क प्रिन्सेस'च्या काही प्रतींत वंशावळ छापलेली आहे. कोणाचं कोणाशी लग्न झालं ते सगळं तिथे आहे. गोष्ट संपेपर्यंत तिला ते पान उघडू देऊ नका.

आता तुमची शंका. ती मला फार आवडली, कारण पूर्वकथेचं मर्म तिच्यातच आहे.

काका, महाभारत कोण कोणाला सांगतं ते आठवा. सर्पसत्र चाललं आहे आणि वैशंपायन जनमेजयाला गोष्ट सांगतात. जनमेजय म्हणजे अर्जुनाचा पणतू. पांडव वाचले, युद्ध जिंकले, वंश टिकला, हे त्याला कोणी सांगायला नको, तो स्वतःच त्याचा पुरावा आहे. तरी तो पुन्हा पुन्हा विचारतो, हे झालं कसं, माझ्या माणसांनी काय काय सोसलं. आणि आपणही पणतू आधी भेटला म्हणून पणजोबांची गोष्ट टाकून देत नाही. शेवट माहीत असलेलं आख्यान ऐकायला देवळात गर्दी होतेच ना? काय झालं हे कळलेलं असतं तेव्हा माणूस कसं झालं याकडे कान लावतो.

'क्लॉकवर्क एंजल' नेमकं या कानासाठी लिहिलेलं आहे. न्यूयॉर्कमधली लाइटवुड भावंडं, अ‍ॅलेक आणि इसाबेल, तुमच्या नातीला पहिल्या भागापासून माहीत आहेत. लंडनमध्ये तेच आडनाव भेटतं, पण दुसऱ्या भागात हे लाइटवुड घराणं आपल्या माणसांच्या विरोधात उभं राहतं. तिथल्या बेनेडिक्ट लाइटवुडचा राग येतो, आणि त्याच वेळी मनात येतं की अ‍ॅलेक याच घरातला. नुसती लंडनची गोष्ट वाचणाऱ्याला बेनेडिक्ट हा एक दुष्ट माणूस दिसेल. नातीला त्याच्या मागे एक आवडतं पोर उभं दिसेल.

मॅग्नस बेनचं तर विचारूच नका. तो जादूगार आहे, त्याला मरण नाही, मांजरासारखे डोळे. 'सिटी ऑफ बोन्स'मध्ये तो ब्रुकलिनला पार्टी देतो, अंगावर चमकी, मिजास केवढी. सव्वाशेहून अधिक वर्षं मागे जावं तर हाच माणूस लंडनमध्ये, हेच डोळे, तरुण दिसणारं हेच तोंड. तिथे त्याची विल नावाच्या तरुण शॅडोहंटरशी ओळख होते. विलचे केस काळे, डोळे निळे. न्यूयॉर्कमध्ये मॅग्नसला आवडणाऱ्या अ‍ॅलेकचेही. लेखिका त्या जागी अ‍ॅलेकबद्दल काही बोलत नाही. बोलायची गरजच नसते, कारण न्यूयॉर्क वाचून आलेला वाचक तिथे आपोआप थांबतो. मी थांबले होते. पुस्तक मिटून थोडा वेळ तशीच बसले.

पण नुसत्या ओळखी जुळवण्यावर कादंबरी उभी राहत नाही, आणि ही राहिलेलीही नाही. टेसा ग्रे सोळा वर्षांची. मावशी वारल्यावर भावानं पाठवलेल्या तिकिटावर न्यूयॉर्कहून बोटीनं साउथॅम्प्टनला उतरते. न्यायला भाऊ येत नाही, दोन अनोळखी बायका येतात आणि तिला एका घरात कोंडून ठेवतात. दुसऱ्या माणसाच्या वस्तूला हात लावून त्या माणसाचं रूप घ्यायची शक्ती तिच्यात आहे, हे तिला स्वतःलाही ठाऊक नसतं. त्या बायका छळून तिच्याकडून ते करवून घेतात. गळ्यात आईचा एक लहानसा यांत्रिक देवदूत आहे, घड्याळासारखी टिकटिक करणारा. त्या खोलीत तिला सोबत फक्त त्या टिकटिकीची. एका रात्री दार उघडतं आणि ती हातातला पाण्याचा जग येणाऱ्याच्या अंगावर हाणते. तो जग त्याच्या हाताला घासून भिंतीवर फुटतो. येणारा असतो विल, तिला सोडवायला आलेला, आणि सोडवायचं बाजूला ठेवून तो आधी हाताला कापल्याची कुरकुर करतो. भीती आणि हसू एकाच पानात. हा प्रसंग नातीकडून मोठ्यानं वाचून घ्या.

शहरही तितकंच जिवंत आहे. अर्बन फॅन्टसीत जादू अरण्यात नसते, आपल्या रोजच्या रस्त्यावर असते. न्यूयॉर्कला क्लब आणि फोन होते, इथे गॅसचे दिवे, घोडागाड्या, थेम्स आणि १८६९ साली खुला झालेला ब्लॅकफ्रायर्स पूल. शॅडोहंटरांचं लंडनमधलं घर बाहेरच्या माणसाला पडकं चर्च दिसतं. त्या घराची प्रमुख शार्लट ही तरुण बाई आहे. बाई प्रमुख कशी, याचंच टेसाला आधी नवल वाटतं. आणि 'क्लॉकवर्क प्रिन्स'मध्ये भर सभेत पुरुष शार्लटला आव्हान देतात, तेव्हा ती ज्या शांतपणे उभी राहते ते मला त्या तिन्ही पुस्तकांतल्या लढायांपेक्षा मोठं वाटतं.

व्यसनाचं. होय, आहे. जेम नावाचा मुलगा शांघायमध्ये जन्मलेला, आई चिनी, वडील इंग्रज. एका राक्षसानं त्याला लहानपणी छळताना यिन फेन नावाचं द्रव्य त्याच्या अंगात भिनवलं. आता ते घेतलं नाही तर तो मरेल, आणि घेत राहिला तरी हळूहळू मरेल. केस आणि डोळे चंदेरी पडले आहेत. टेसाला तो पहिल्यांदा दिसतो तेव्हा रात्रीच्या काळोखात व्हायोलिन वाजवत असतो. यात व्यसनाचं कौतुक कुठेही नाही. आहे ती एका पोराची लाज आणि त्याच्या मित्राची माया. चौदाव्या वर्षी हे वाचावं, आणि तुमच्यासारखं कोणी शेजारी असताना तर जरूर वाचावं.

यिन फेन काल्पनिक आहे, पण त्या काळातलं शांघाय म्हटलं की खरी अफू डोळ्यांपुढे येते. इथे तुम्ही नातीला एक गोष्ट सांगू शकाल. १८४२ च्या नानकिंगच्या तहानं शांघाय परदेशी व्यापाराला खुलं झालं, आणि चीनला जाणाऱ्या अफूतली माळव्याची अफू आपल्या मुंबई बंदरातून जहाजांवर चढत होती. मुंबईत त्या पैशावर पेढ्या उभ्या राहिल्या. कादंबरीत हे नाही. पण जेमच्या पानांवर ती थांबली की सांगा, तिला ते दूरच्या देशातलं वाटणार नाही.

'सिटी ऑफ अ‍ॅशेस' आणि 'सिटी ऑफ ग्लास' मिरज-सांगलीत मिळाली नाहीत तर मासिकाच्या पत्त्यावर चार ओळी टाका. माझ्याकडे दोन्हींच्या जादा प्रती आहेत, टपालानं पाठवते. वाचून झाल्यावर सावकाश परत करा, आणि तिसऱ्या भागात धक्का बसला की नाही, ते नातीला तिच्याच अक्षरात लिहायला सांगा.