शोधनिबंधांची यादी कशी वाचायची?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी रेडिऑलॉजीत एमडी झाली आहे. तिला स्त्रीरोगांच्या सोनोग्राफीत संशोधन करायचंय. दोन प्राध्यापक तिला घ्यायला तयार आहेत. एकांचे 180 शोधनिबंध आहेत, दुसऱ्यांचे 40. मी जन्म बँकेत काढला, त्यामुळे मला 180 मोठे वाटतात. मुलगी म्हणते, "बाबा, तसं नसतं." मग कसं असतं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नमस्कार. मुलीचं मनापासून अभिनंदन. तिचं म्हणणं बरोबर आहे, पण तुमचा बँकेतला अनुभवही इथे कामाला येईल. नुसती शिल्लक बघून तुम्ही कुणाचं कर्ज मंजूर केलं नसतं. पासबुकातल्या नोंदी वाचल्या असत्या. इथेही तेच करायचं.

बेल्जियममधल्या लूव्हेनचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. डर्क टिमरमन यांचं उदाहरण देते, कारण त्यांच्या यादीतल्या तीन नोंदींनी माझं रोजचं काम बदललं.

मी जिल्ह्याच्या गावी सोनोग्राफी सुरू केली तेव्हा ओव्हरीची गाठ दिसली की 'कॉम्प्लेक्स ॲडनेक्सल मास' (ओव्हरीच्या भागातली गुंतागुंतीची गाठ) असं लिहून मोकळी व्हायचे. एकदा सर्जनचा फोन आला, "मॅडम, कॉम्प्लेक्स म्हणजे काय समजू? इथेच ऑपरेशन करू की बाईंना मुंबईला पाठवू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी जिला घट्ट गाठ म्हणायचे, तिला शेजारच्या गावातले डॉक्टर वेगळंच काही म्हणायचे.

1999 साली टिमरमन, लंडनचे टॉम बोर्न आणि स्वीडनमधल्या माल्मोच्या लिल व्हॅलेंटिन यांनी ओव्हरीच्या गाठींच्या सोनोग्राफीवर काम करणारा 'आयोटा' हा गट सुरू केला. त्यांचा 2000 सालचा पहिला मोठा निबंध काढून बघा. त्यात नवं यंत्र नाही, नवा आजार नाही. फक्त शब्द पक्के केलेत. गाठीच्या भिंतीतून आत आलेला घट्ट कोंब 3 मिलिमीटर किंवा त्याहून उंच असेल, तरच त्याला पॅपिलरी प्रोजेक्शन म्हणायचं. रक्तप्रवाहाला 1 ते 4 गुण द्यायचे. मी त्याची झेरॉक्स मशीनशेजारी चिकटवली होती. आजही कोंब दिसला की स्क्रीन गोठवून त्याच्या मुळापासून टोकापर्यंत कॅलिपर, म्हणजे स्क्रीनवरची मोजपट्टी, लावते. 2.4 भरला, तर तो शब्द रिपोर्टात येत नाही.

दुसरी नोंद 2008 ची : साध्या गाठीची पाच लक्षणं, कॅन्सरची पाच. एकाच बाजूची सापडली तर निर्णय झाला. दोन्हीकडची सापडली किंवा एकही नाही, तर 'सांगता येत नाही' असं लिहायचं. जवळजवळ पाव गाठी अशा अधांतरी राहिल्या, आणि तेही त्यांनी त्याच निबंधात छापलं. माझा विश्वास तिथे बसला.

तिसरी 2014 ची, ब्रिटिश मेडिकल जर्नलमधली : 'ॲडनेक्स', म्हणजे गाठ कॅन्सरची असण्याचा धोका मोजायचं गणित. 10 देश, 24 केंद्रं, 5909 स्त्रिया. वय, रक्तातलं सीए-125 हे प्रथिन आणि गाठीची मापं अशा नऊ गोष्टी भरल्या की धोका टक्क्यांत मिळतो, आणि कॅन्सर असेल तर तो कोणत्या टप्प्यातला असू शकतो हेही कळतं. या निबंधावर पहिलं नाव संख्याशास्त्रज्ञ बेन व्हॅन कॅल्स्टर यांचं आहे, टिमरमन यांचं शेवटी. आमच्या क्षेत्रात बहुतेक वेळा पहिलं नाव राबणाऱ्याचं आणि शेवटचं गट चालवणाऱ्याचं असतं. आधी शब्द, मग नियम, मग हिशेब. चौदा वर्षं एकच धागा धरून ठेवला.

लांबलचक यादी लागतेच असंही नाही. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी 1958 साली जॉन मॅकव्हिकर आणि इंजिनिअर टॉम ब्राऊन यांच्यासोबत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात पोटातल्या गाठींवर एक निबंध लिहिला. पोटाचा कॅन्सर म्हणून आशा सोडलेल्या एका बाईंना ध्वनिलहरींनी तपासलं, तर ती ओव्हरीची गाठ निघाली. ती काढली आणि बाई वाचल्या. आज तालुक्यातालुक्यात चालणारी सोनोग्राफी त्या एका निबंधाची ऋणी आहे.

आता मुलीला दोन्ही याद्या काढायला सांगा. 180 मध्ये सरांचं नाव किती ठिकाणी मधेच कुठेतरी आहे? दहा वर्षांत विषय एकच राहिला, की दरवर्षी बदलला? दुसऱ्या हॉस्पिटलांनी त्यांची पद्धत आपल्या पेशंटवर पडताळून पाहिली का? जमलं नाही तेव्हा तेही छापलं का? संख्याशास्त्रज्ञ सोबत आहे का? 40 निबंधवाल्यांनाही हेच प्रश्न लावा, कमी आकड्याला आपोआप मान द्यायचं कारण नाही.

शेवटी, दोघांकडे आधी शिकून गेलेल्या एकेका विद्यार्थिनीला तिनं फोन करावा. त्या विद्यार्थिनीच्या तिथल्या पहिल्या निबंधावर तिचं नाव कितव्या जागी छापलं होतं, एवढं विचारावं.