विहीणबाई म्हणतात, कपबशा फोडा!

प्रश्न : ताई, माझ्या मुलाचं लग्न जूनमध्ये जर्मनीत आहे, हॅनोव्हरजवळच्या एका गावात. सून तिकडचीच. विहीणबाईंनी व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की लग्नाआधीच्या संध्याकाळी पाहुणे दारात कपबशा फोडतात, तुम्हीही फोडा. हे ऐकून माझ्या ८२ वर्षांच्या सासूबाईंनी ताटच सारलं. शुभकार्यात भांडं फुटणं म्हणजे अपशकुन! त्यांची समजूत कशी घालू? आणि आहेर काय न्यावा?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : सासूबाईंना आधी जेवायला वाढा, मग हे वाचून दाखवा.

त्या संध्याकाळला ‘पोल्टरआबेंड’ म्हणतात, म्हणजे धडाधडा आवाज करायची संध्याकाळ. आवाजाने वाईटसाईट पळतं, अशी जुनी समजूत. आपण दृष्ट काढून मीठ-मोहऱ्या विस्तवावर टाकतो आणि तडतडल्या की ‘बघ, केवढी लागली होती’ म्हणतो ना, त्यातलाच प्रकार. फुटक्या खापरांनी भाग्य येतं, अशी त्यांच्यात म्हणच आहे. मात्र फोडायची ती चिनी माती. काच किंवा आरसा फोडणं तिकडेही वाईटच. म्हणजे सासूबाईंचं अर्धं म्हणणं जर्मनांना मान्य आहे, हे त्यांना आवर्जून सांगा.

माझ्या पुतण्याचं लग्न तिकडेच झालं. नवरीच्या माहेरी दारात ताडपत्री अंथरली होती. शेजारचे एक आजोबा हातगाडीवरून जुनं बेसिन घेऊन आले, खांद्यापर्यंत उचललं आणि शांतपणे सोडून दिलं. नवरा-नवरी झाडू-सुपली घेऊन तुकडे गोळा करतायत, ढीग झाला की कुणीतरी पुन्हा पायाने पसरतंय, हसतंय. मला काही राहवेना. पोर दमली म्हणून मी तिच्या हातातला झाडू घेतला, तर सगळं अंगण ओरडलं! तो केर दोघांनीच काढायचा असतो. तुम्ही आपलं खुर्चीवर बसा आणि बटाट्याचं सॅलड खा. कपबशा इथून नेऊ नका, बॅगेचं वजन वाया जाईल. विहीणबाईंच्या माळ्यावर भरपूर असतील.

दुसऱ्या दिवशी नोंदणी कार्यालय. तिकडे १८७६ पासून कायद्याने खरं लग्न तेच. चर्चमधलं ज्यांना हवं ते नंतर करतात. अर्ध्या तासात आटोपलं. ना अंतरपाट, ना मामा. अंगठी उजव्या हातात घातली, तेव्हा मी मागून ‘डावा, डावा’ करत होते. साखरपुड्याची डाव्या हातात आणि लग्नाची उजव्या, हे नंतर कळलं. बाहेर आल्यावर लाकडी घोडीवर एक ओंडका ठेवला होता आणि दोन मुठींची करवत. नव्या कपड्यांत दोघांनी तो कापायचा. दोघं एकदमच ढकलायला लागले, की करवत अडकते. आपल्या हळदीच्या पाण्यातल्या अंगठीपेक्षा हा खेळ फार घामाचा.

आहेराचं सोपं आहे. पेढे, खवा, तूप नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ बॅगेतून न्यायला बंदी आहे. विड्याची पानंही नकोत. नारळ मात्र चालतो, तेव्हा विहीणबाईंची ओटी बिनधास्त भरा. आपली सोलापुरी चादर न्याच, तिकडच्या थंडीत ती पहिल्याच रात्री वापरात येते. शेंगा चटणी नेणार असाल तर घरात कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी नाही ना, हे आधी विचारा. बाकी पाहुणे पाकिटातच आहेर देतात, आपल्यासारखेच.

आणि अक्षता. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत संमती कट्ट्यापाशी ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाच्या लग्नात लहानपणापासून अक्षता टाकत आलेली मी, अक्षतांशिवाय लग्न लागलंच कसं म्हणेन? तिथल्या दुकानातून तांदूळ घेतला, हळदकुंकू पर्समध्ये होतंच. कार्यालयाच्या पायरीवर दोघं आली आणि मी ‘शुभमंगल सावधान’ म्हणून दोन्ही मुठी उधळल्या. तांदूळ टाकायची चाल त्यांच्यातही आहे, पण लोक घसरतात म्हणून पुष्कळ ठिकाणी मनाई केलेली असते. पाटी लावली होती, पण जर्मनमध्ये. तुम्ही आधी विचारून घ्या. तिथला शिपाई काही बोलला नाही. कोपऱ्यातला झाडू आणून त्याने माझ्या हातात दिला. या वेळी कुणी ओरडलं नाही.