पश्चिमेची खिडकी आधी विका

प्रश्न : अकोल्यात माझं ॲल्युमिनियम स्लायडिंगचं वर्कशॉप आहे. वर्षभरापासून डबल काचेच्या, उष्णता अडवणाऱ्या खिडक्याही बनवतो. घरमालक चौरस फुटाचा भाव ऐकला की ‘साधीच लावा’ म्हणतात. बिल्डर तर म्हणतो, लाइट बिल मला थोडीच भरायचंय? या खिडक्या विकायच्या कशा? – एक वाचक, अकोला

उत्तर : भाऊ, बिल्डर खरं तेच बोलतोय. त्याच्याकडे नंतर येते.

घरमालकाला भाव सांगण्याआधी विचारा, कूलर आहे की एसी? कूलरच्या हवेला बाहेर जायला वाट लागते, म्हणजे खिडकी उघडी राहणारच. तिथे हवाबंद डबल काच गळ्यात मारणं ही फसवणूक. मी नागपुरात अशा गिऱ्हाईकाला बाहेरून बांबूची चीक लावायला सांगते आणि घरी पाठवते. पुढे एसी घेतला की यातले काही माझ्याचकडे येतात.

एसीवाल्यालाही सगळ्या खिडक्या विकू नका. मे महिन्यात आपल्याकडे भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, दक्षिणेला छज्जा पुरतो. घात करते ती पश्चिम. चार वाजता दीड फुटी छज्ज्याची सावली खिडकीवर फूट-सव्वा फूटच उतरते, खालची सगळी काच उन्हात.

आणि ‘डबल काच’ म्हणून विकणं बंद करा. साधी एकेरी काच उन्हाची साधारण ८० टक्के उष्णता आत सोडते; दोन साध्या काचा जोडल्या तरी ७० च्या आसपास. सोलर कंट्रोल लेप, म्हणजे उन्हाची उष्णता अडवणारा काचेवरचा पातळ थर, असेल तर ३० पर्यंत येते. पैसे लेपाचे आहेत. मी हिशेब असा सांगते : २० चौरस फुटांच्या पश्चिमेच्या साध्या खिडकीतून मे महिन्यात ७०० वॅटच्या आसपास उष्णता आत येते. खोलीत इस्त्री चालू ठेवायची आणि वर एसी लावायचा, तसं. बायका लगेच मान डोलावतात, पुरुष कॅल्क्युलेटर काढतात.

लाल बल्बसमोर काच धरून दाखवायचा खेळ मी सोडला. बल्बची जवळपास सगळी उष्णता अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी, आणि लेप तीच जास्त अडवतो; उन्हात मात्र निम्मा उजेड असतो. त्यामुळे फरक फुगून दिसतो. दोन्ही नमुने चार वाजता त्यांच्याच खिडकीत धरा आणि मागे हात ठेवायला सांगा.

बिल्डरला बिलाचं सांगूच नका. पश्चिमेचे फ्लॅट विकायला त्रास होतो, हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. तिथल्या सॅम्पल फ्लॅटची एक बेडरूम करून द्या आणि साइट व्हिजिट दुपारनंतरच्या ठेवायला सांगा. त्याच्या आर्किटेक्टकडे मात्र इको निवास संहितेची, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमांची, भाषा बोला. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या या २०१८ च्या संहितेत भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेची मर्यादा चौरस मीटरला १५ वॅट आहे. पश्चिमेला मोठ्या खिडक्या हव्या असतील तर तुमची काच त्याच्या कामाची. माप मात्र प्लास्टर झाल्यावरच घ्या. जोडलेली काच साइटवर कापता येत नाही.

एक चूक माझी. एका बंगल्यात कारागिरांनी काचा उलट्या बसवल्या, लेप आतल्या काचेवर गेला. मालकांनी पहिल्याच उन्हाळ्यात बोलावलं, सगळ्या काचा माझ्या खर्चाने फिरवल्या. आता बसवून झालं की संध्याकाळी बाहेरून लायटर पेटवून धरते. काचेत चार ज्योती दिसतात. माझ्याकडून मोजून दुसरीचा रंग वेगळा हवा, म्हणजे लेप बाहेरच्या काचेच्या आतल्या बाजूला आहे. पर्समधला तो लायटर पाहून सासूबाई एकदा दोन दिवस माझ्याशी बोलल्या नव्हत्या.